पाण्याखालचा उजेड, खिशाला परवडणारा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळच्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे. कॅमेरा कसाबसा जमवला, हाउसिंगही (कॅमेऱ्याचा पाणी न शिरणारा डबा) घेतलं, आता दिव्यासाठी थोडेच पैसे उरलेत, ते कशावर घालावेत? निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली देत आहोत. कोकण किनाऱ्यावरचं हिरवट, गाळाचं पाणी डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहेत. अंदमान किंवा लक्षद्वीपच्या निळ्या पाण्यात जे चालून जातं, ते इथे चालेलच असं नाही.

प्रश्न : माझ्याकडे गोप्रो आहे. तारकर्ली-मालवणला डायव्हिंग करतो. फोटो हिरवट येतात, रंगच नसतो. ऑनलाइन '१०,००० ल्यूमेन' लिहिलेला छोटा टॉर्च स्वस्तात दिसतोय. घेऊ का? (वाचक, पुणे)

उत्तर : तो घेऊ नका. त्याचा आकडा खोटा आहे, आणि हे तुम्ही घरी कागदावर ताडून बघू शकता. आजचे चांगले एलईडी एका वॉटमागे साधारण १०० ते १५० ल्यूमेन (उजेडाचं माप) देतात. म्हणजे १०,००० ल्यूमेनसाठी ७० ते १०० वॉट लागणार. असल्या टॉर्चमध्ये बहुतेक वेळा एकच १८६५० सेल (अंगठ्याएवढा रिचार्जेबल लिथियम सेल) असतो. त्यात ३.७ व्होल्ट गुणिले ३.५ अँपिअर-तास, म्हणजे फार तर १३ वॉट-तास ऊर्जा मावते. ८० वॉटनं ती दहा मिनिटांत संपेल. शिवाय त्यासाठी सेलमधून २० अँपिअरहून जास्त करंट ओढावा लागेल, आणि जास्त क्षमतेच्या सेलना तो झेपत नाही. याउलट २००० ल्यूमेनला १५ ते २० वॉट पुरतात आणि एका सेलवर चाळीसेक मिनिटं, म्हणजे जवळपास एक डाइव्ह निघते. एका सेलच्या दिव्यावर याहून फार मोठा आकडा दिसला की पुढे चला.

आता रंगाचं. पाणी सगळ्यांत आधी लाल गिळतं. पाचेक मीटरवर लाल जवळजवळ संपतो, दहाच्या आसपास नारिंगी, त्यानंतर पिवळा. हे अंतर फक्त खोलीचं नसतं. उजेड पृष्ठभागापासून माशापर्यंत आणि माशापासून लेन्सपर्यंत जेवढं पाणी कापतो, ते सगळं यात धरायचं. दिवा नेला की उजेडाचा प्रवास तोकडा होतो. मासा अर्ध्या मीटरवर असेल तर जाऊन-येऊन एकच मीटर, आणि तेवढ्यात लाल टिकतो. मासा दोन मीटरवर असेल तर जाऊन-येऊन चार मीटर. मग दिवा कितीही महागाचा असो, तांबोशी राखाडीच दिसणार. अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश होतो, आणि पाणी आपला वाटा वेगळा घेतं. त्यामुळे एक मीटरपलीकडे दिव्यावर भिस्त ठेवू नका. दुसऱ्या बाजूनं, साधारण ३० सेंटिमीटरच्या आत गोप्रोला नीट फोकस मिळत नाही. तुमचा सगळा खेळ ३० ते ७० सेंटिमीटरच्या पट्ट्यात आहे.

दिवा घेताना चार गोष्टी विचारा. पहिली, झोताचा कोन. गोताखोराच्या टॉर्चचा झोत १० ते १५ अंशांचा, बारीक असतो. कपारीत काय आहे ते बघायला तो उत्तम, पण फोटोत मधोमध पांढरा डाग आणि भोवती काळोख मिळतो. तुम्हाला १०० ते १२० अंशांचा व्हिडिओ लाइट हवा. दिव्याची काच सपाट असेल तर पाण्यात हा कोन अपवर्तनामुळे आकसतो, हवेतले १२० अंश पाण्यात ८० च्या आसपास उरतात. दुसरी, रंग किती खरे दिसतात ते सांगणारा सीआरआय. तो किमान ८० हवा, ९० मिळाला तर उत्तम. तिसरी, रंगतापमान ५००० ते ५६०० केल्विन. स्वस्त दिवे ६५०० च्या वर, निळसर असतात, आणि निळा तर समुद्रात फुकटच भरपूर मिळतो. चौथी, खोली मीटरमध्ये लिहिलेली हवी. नुसत्या 'आयपीएक्स-८' या जलरोधकतेच्या खुणेचा अर्थ एक मीटरपेक्षा जास्त, एवढाच. नेमकं किती ते कंपनीनं सांगायचं असतं.

पैसे थोडे असतील तर २००० ल्यूमेनचा एकच खरा दिवा, कॅमेरा बसवायला अॅल्युमिनियमचा ट्रे आणि दिवा बाजूला धरायला एक लवचिक आर्म घ्या. आर्ममध्ये काटकसर करू नका. गोप्रोच्या डोक्यावर बसवलेला महागडा दिवा आणि हातभर बाजूला धरलेला साधा दिवा यांत साधा दिवा जिंकतो. का ते पुढच्या उत्तरात येईलच. सेटिंगमध्ये आयएसओची (सेन्सरच्या संवेदनशीलतेची) कमाल मर्यादा ४०० ठेवा आणि व्हाइट बॅलन्स (पांढरा कोणता ते ठरवणारं सेटिंग) ५५०० केल्विनला बांधून टाका. ऑटोवर सोडलं तर कॅमेरा मागच्या हिरव्या पाण्याला भुलतो आणि दिव्यातला मासा गुलाबी करून ठेवतो.

प्रश्न : ऑलिंपस टीजी-६ आणि त्याचं हाउसिंग आहे. फ्लॅश लावला की फोटोभर बर्फ पडल्यासारखे पांढरे ठिपके येतात. फ्लॅश बंद केला तर रंग जातो. (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : याला बॅकस्कॅटर म्हणतात, आणि कोकणात फोटो बिघडण्याचं हेच सर्वांत मोठं कारण आहे. रात्री धुक्यात गाडीचा हाय बीम लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, तसंच हे. पाण्यात गाळाचे आणि प्लवकांचे कण तरंगत असतात. फ्लॅश लेन्सला चिकटून असेल तर लेन्स आणि मासा यांच्यामधला प्रत्येक कण समोरून उजळतो आणि सरळ लेन्सकडे चमकतो. मोबाइलच्या पाउचमध्ये तर फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असतो, तो कायमचा बंदच ठेवावा.

उपाय भूमितीचा आहे. उजेडाचा शंकू माशाला लागला पाहिजे, पण लेन्ससमोरच्या पाण्यात शिरता कामा नये. त्यासाठी दिवा किंवा स्ट्रोब (कॅमेऱ्याबाहेरचा, पाण्याखालचा फ्लॅश) आर्मवर बाहेर काढा. लेन्सपासून किमान ३० सेंटिमीटर बाजूला आणि थोडा वर, घड्याळाच्या तबकडीत दहा वाजल्याच्या जागी. दोन दिवे असतील तर दुसरा दोनच्या जागी. मग त्याला मागे ओढा, त्याची काच हाउसिंगच्या पोर्टच्या, म्हणजे लेन्ससमोरच्या खिडकीच्या, मागे गेली पाहिजे. शेवटी त्याचं तोंड माशाकडे नेमकं रोखायच्या ऐवजी जरा बाहेर वळवा. मासा झोताच्या मधल्या भागानं उजळायचा नाही, त्याच्या कडेनं उजळायचा. सुरुवातीला हे उलटं वाटतं, कारण हात आपोआप दिवा माशावर रोखतात. नेमकी तीच सवय मोडायची आहे.

हे घरी बघता येतं. रात्री खोलीतला दिवा मालवा, दोन-तीन अगरबत्त्या लावून धूर पसरू द्या, ट्रेवर व्हिडिओ लाइट लावून सुरू करा. धुरात उजेडाचा शंकू डोळ्यांनी दिसतो. अर्ध्या मीटरवर एखादं रंगीत खेळणं ठेवा आणि शंकूची कड खेळण्याला लागेल, पण लेन्ससमोरचा धूर काळाच राहील, अशी जागा शोधा. सापडली की आर्मच्या सांध्यांवर मार्करनं खुणा करा. पाण्यात शंकू थोडा अरुंद होतो, त्यामुळे तिथे दिवा किंचित आत वळवावा लागेल, एवढाच फरक. बोटीवर पंधरा मिनिटं झटण्यापेक्षा हा एक तास सत्कारणी लागतो.

टीजी-६ सारख्या कॅमेऱ्याचा एक फायदा असा की तो लेन्सपासून एक सेंटिमीटरपर्यंत फोकस करतो. न्युडिब्रँक (रंगीत समुद्री गोगलगाई), छोटे खेकडे, पाइपफिश असे हाताच्या पंजात मावणारे विषय निवडलेत तर मधलं पाणीच उरत नाही. इतक्या जवळ मात्र आतला फ्लॅश पोर्टच्या सावलीत अडकतो आणि फोटोचा खालचा भाग काळा येतो, म्हणून हाउसिंगवर बसणारा, उजेड पसरवणारा पांढरा डिफ्यूजर लावा. लांबचे, मोठे विषय या पाण्यात सोडून द्यायला शिका. जेवढं दिसतं त्याच्या एक तृतीयांशापलीकडचा फोटो काढायचा नाही. पाच मीटर दिसत असेल तर दीड मीटरच्या आत, आणि त्यात दिवा वापरायचा तर पाऊण मीटरच्या आत.

गाळ कमी कधी असतो हे स्थानिक बोटवाल्यांना तुमच्या-आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जोरात ये-जा करतं आणि तळ ढवळतो. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या दिवसांत प्रवाह मंद असतो आणि पाणी निवळतं. दिवसातली वेळ निवडायची झाली तर भरती पूर्ण होऊन पाणी थांबतं ती निवडा, कारण बाहेरचं स्वच्छ पाणी तेव्हा किनाऱ्यापर्यंत आलेलं असतं. आणि विषयाकडे नेहमी प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून जा. तुमच्या फिननी उडालेला गाळ तुमच्या मागे वाहून जाईल.

प्रश्न : सोनी ए६००० आणि ४० मीटर खोलीपर्यंतचं हाउसिंग सेकंडहँड मिळालं. हाउसिंगमध्ये पॉप-अप फ्लॅश उघडायला जागा आहे. व्हिडिओ लाइट घेऊ की जुना स्ट्रोब? (वाचक, नाशिक)

उत्तर : फोटोच काढायचे असतील तर जुना स्ट्रोब घ्या. फरक आकड्यांत बघा. २००० ल्यूमेनचा व्हिडिओ लाइट अर्ध्या मीटरवर असेल तर आयएसओ ४०० ला साधारण एफ/५.६ अॅपर्चर (लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तेवढं लहान) आणि १/१२५ सेकंद शटर हाती लागतं. मासा हलला की फोटो पुसट. छोट्या स्ट्रोबचा, म्हणजे इनॉन एस-२००० किंवा सी अँड सी वायएस-०१ चा गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) २० आहे. पाण्यात तो ढोबळमानानं एक तृतीयांश धरायचा, म्हणजे साडेसहा. त्याला अंतरानं, ०.५ नं भागलं की एफ/१३ येतं, तेही आयएसओ १०० ला. शिवाय स्ट्रोबची चमक सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते, त्यात हलणारा मासाही स्थिर टिपला जातो. व्हिडिओ लाइटचा फायदा इतकाच की काय दिसणार ते आधी दिसतं, आणि व्हिडिओही काढता येतो. गोप्रो आणि मोबाइलला स्ट्रोब जोडताच येत नाही, त्यांना व्हिडिओ लाइटशिवाय इलाज नाही.

जुना स्ट्रोब बघायला जाल तेव्हा स्वतःचे चार सेल आणि एक साधा फ्लॅश असलेला कॅमेरा बरोबर न्या. सेलचं झाकण उघडा. स्प्रिंगवर हिरवी-पांढरी बुरशी दिसली तर आत कधीतरी पाणी गेलं आहे. ओ-रिंगच्या (झाकणातून पाणी शिरू न देणाऱ्या रबरी कडीच्या) खोबणीत ओरखडा नको. पूर्ण ताकदीवर लागोपाठ दहा वेळा उडवा आणि तयार व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. नव्या एनआयएमएच (निकेल-मेटल हायड्राइड, रिचार्जेबल) सेलवर ही वेळ वाढत जात असेल किंवा स्ट्रोब मधेच चुकत असेल तर सोडून द्या. स्ट्रोब वर्षानुवर्षं पडून असेल तर आधी दहा-पंधरा वेळा कमी ताकदीवर उडवा, कारण आतला कपॅसिटर सुस्तावलेला असतो. ट्यूबच्या टोकांना काळपटपणा म्हणजे बरंच आयुष्य सरलं. शेवटी, समोर कॅमेऱ्याचा फ्लॅश उडवून स्ट्रोब त्याच्या मागोमाग उडतो का ते बघा.

या शेवटच्या पायरीत एक खोच आहे. ए६००० चा फ्लॅश हातानं कमी-जास्त करता येत नाही. खऱ्या चमकेआधी तो मोजमापासाठी एक छोटी चमक सोडतो. साधा स्लेव्ह स्ट्रोब, म्हणजे दुसऱ्या फ्लॅशची चमक बघून उडणारा, त्या पहिल्या चमकेलाच उडून मोकळा होतो. डोळ्यांना स्ट्रोब उडालेला दिसतो, फोटो मात्र काळाकुट्ट. म्हणून पूर्व-चमक ओळखून ती सोडून देणारा किंवा तिची नक्कल करणारा स्ट्रोबच घ्यायचा. वर सांगितलेल्या दोन्ही स्ट्रोबना ते जमतं.

जोडणीसाठी फायबर केबल लागते. तयार केबल महाग वाटली तर ऑडिओसाठी मिळणारी ऑप्टिकल केबल चालते. तिच्यात एक मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची तंतुवाहिनी असते. दोन्ही टोकांचे प्लग कापून टाका. नव्या ब्लेडनं काटकोनात छेद घ्या, मग १००० आणि २००० नंबरच्या पॉलिश पेपरवर पाणी लावून टोक गुळगुळीत करा. टोक खरखरीत राहिलं तर उजेड टोकाशीच विखुरतो. केबल घट्ट वाकवू नका, वळणाचा व्यास किमान पाच सेंटिमीटर ठेवा. हाउसिंगच्या फ्लॅशसमोरच्या खिडकीवर काळी इन्सुलेशन टेप लावा आणि केबलपुरतं भोक ठेवा. टेप नसेल तर कॅमेऱ्याचा फ्लॅश पाण्यात सांडतो आणि बॅकस्कॅटर परत येतं. तीव्र उन्हात, तीन-चार मीटरवर, स्ट्रोबला केबलमधली क्षीण चमक कळत नाही आणि तो उडत नाही. अशा वेळी केबलचं टोक स्ट्रोबच्या सेन्सरला अगदी भिडवा आणि भोवतीनं टेपचं छप्पर करा.

सुरुवात मॅन्युअलवर करा : १/१६० सेकंद (ए६००० चा फ्लॅश याहून जलद शटरला जुळत नाही), एफ/८, आयएसओ २००, स्ट्रोबवर डिफ्यूजर, ताकद निम्मी, अंतर ५० ते ६० सेंटिमीटर. मासा फटफटीत पांढरा, जळलेला दिसला तर ताकद कमी करा, शटरला हात लावू नका. मागचं पाणी काळं येत असेल तर शटर १/१०० किंवा १/६० वर आणा. शटर पाण्याचा रंग ठरवतं, स्ट्रोबची ताकद आणि अॅपर्चर माशाचा उजेड ठरवतात. या दोन गोष्टी मनात वेगळ्या झाल्या की निम्मं काम संपलं. रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) फोटो काढा.

प्रश्न : दिव्याऐवजी लाल फिल्टर लावला तर? (वाचक, ठाणे)

उत्तर : निळ्या पाण्यात, लख्ख उन्हात, पाच ते पंधरा मीटरवर लाल फिल्टर चांगलं काम करतो. हिरव्या पाण्यात, म्हणजे आपल्याकडे, मॅजेंटा (जांभळट गुलाबी) हवा. फिल्टर नसलेला रंग निर्माण करत नाही, उरलेला निळा-हिरवा अडवतो, त्यामुळे एक ते दीड स्टॉप उजेड जातो (एका स्टॉपला उजेड निम्मा होतो). दिव्याबरोबर फिल्टर कधीच नको, सगळं तांबडं होईल. फिल्टरही न घेता सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान ऊन पाठीवर घेऊन आणि दर तीन मीटरला पांढऱ्या पाटीवर कस्टम व्हाइट बॅलन्स घेऊन बघा. पाच-सहा मीटरपर्यंत एवढ्यावर भागतं.

प्रश्न : लग्नाच्या फोटोंसाठीचा फ्लॅश आहे. अॅक्रिलिकचा डबा करून त्यात घालता येईल का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : करू नका. पाण्यात दर दहा मीटरला चौरस सेंटिमीटरमागे एक किलो दाब वाढतो. २० मीटरवर १० सेंटिमीटर लांब-रुंद झाकणावर २०० किलो भार येतो. घरी चिकटवलेला सांधा तो सोसेलही, पण बाजू किंचित आत वाकते, ओ-रिंगची बैठक सुटते आणि एकदम पाणी शिरतं. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास विद्युतदाब असतो आणि खारं पाणी उत्तम वाहक आहे. पैसे वाचवायचे असतील तर ट्रे, केबल, फ्लोट, स्नूट (झोत बारीक करणारी नळी) घरी करा. ज्याच्या आत वीज आहे ते विकतच घ्या.

प्रश्न : स्ट्रोबमध्ये कोणते सेल घालावेत? ऑनलाइन '९९०० एमएएच' चे १८६५० मिळतात, ते कसे? (वाचक, वसई)

उत्तर : आधी दुसरा प्रश्न. आजचे नेहमीचे चांगले १८६५० सेल ३५०० एमएएचच्या आसपास थांबतात. ९९०० असा सेल नाही. किचनच्या काट्यावर ठेवा, खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, बनावट बराच हलका निघतो. असा सेल पाण्याखाली मध्येच दिवा विझवतो, आणि चार्ज होताना तापतो हे त्याहून वाईट. दिव्याच्या कंपनीनं सांगितलेला, संरक्षण सर्किट असलेला सेलच घ्या. संरक्षित सेल दोन-तीन मिलिमीटर लांब असतो, तो नळीत बसतो का ते आधी बघा. जबरदस्तीनं झाकण फिरवलं तर ओ-रिंग चिमटते.

एए आकाराच्या स्ट्रोबला एनेलूपसारखे २००० एमएएचचे एनआयएमएच सेल घाला. व्होल्टेज १.२ असलं तरी ते करंट पटकन देतात, म्हणून स्ट्रोब लवकर तयार होतो. साधे अल्कलाइन सेल सुरुवातीला ठीक वाटतात, पण तीस-चाळीस पूर्ण चमकांनंतर रेंगाळू लागतात. चार सेलचा संच करा, प्रत्येकावर एकच अक्षर लिहा, तो संच कायम एकत्र वापरा आणि एकत्रच चार्ज करा. त्यातला एक अशक्त असला तर बाकीचे तीन त्याला उलटा चार्ज करतात, त्यातून वायू सुटतो आणि बंद डब्यात दाब साठतो. सेल उलटा बसला तरी तेच होतं. स्ट्रोब उघडताना झाकण चेहऱ्याकडे धरू नका.

प्रश्न : स्नूट घरी करता येतो का? (वाचक, पणजी)

उत्तर : येतो, आणि गढूळ पाण्यात त्याच्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. स्नूट उजेडाला रुपयाएवढ्या वर्तुळात बांधतो. विषय उजळतो, भोवतालचे कण अंधारात राहतात. स्ट्रोबच्या तोंडाच्या मापाचा पीव्हीसी रिड्युसर घ्या, प्लंबिंगच्या दुकानात ७५ वरून ४० मिलिमीटरला येणारे मिळतात. आतून मॅट काळा रंग द्या किंवा काळी टेप लावा, चकचकीत राहिलं तर उजेड बाजूनं पसरतो. मोठ्या तोंडाला जुन्या वेटसूटचा निओप्रीनचा पट्टा गुंडाळा, म्हणजे तो स्ट्रोबवर दाबून बसेल आणि ओरखडे पडणार नाहीत. वरच्या बाजूला ५ मिलिमीटरची दोन भोकं पाडा. ती नसतील तर आत हवेचा बुडबुडा अडकतो आणि वर्तुळाला काळी खाच पडते. पुढे १० आणि २० मिलिमीटर भोकांच्या दोन टोप्या करा.

खरी अडचण नेम धरण्याची असते. स्ट्रोबमध्ये फोकस लाइट असेल तर तो स्नूटमधूनच जातो आणि नेम दिसतो. नसेल तर कॅमेरा आणि स्नूट यांचं अंतर कायम ठेवा, दोन्ही रेषा पोर्टपासून समजा १२ सेंटिमीटरवर मिळतील असं बांधून टाका, आणि मग सगळा ट्रेच पुढे-मागे हलवा. उजेड बराच अडतो, म्हणून स्ट्रोब पूर्ण ताकदीवर.

प्रश्न : पहिल्याच डाइव्हमध्ये व्हिडिओ लाइटमध्ये पाणी गेलं. चूक कुठे झाली? आता काय करू? (वाचक, मुंबई)

उत्तर : बहुतेक वेळा कारण एक केस, वाळूचा कण किंवा चिमटलेली ओ-रिंग असतं. उथळ पाण्यात गळती जास्त होते, कारण ओ-रिंग दाबून घट्ट बसायला पाण्याचा दाब लागतो. तो नसताना छोटा अडथळाही वाट देतो. ओ-रिंग बोटांनी चिमटीत धरून काढा, टाचणी नको, जुन्या एटीएम कार्डचा कोपरा वापरा. खोबणी कापसानं पुसू नका, धागे राहतात. मायक्रोफायबरचं कापड घ्या. मुगाच्या दाण्याएवढं सिलिकॉन ग्रीस बोटांत घेऊन रिंग नुसती ओलसर दिसेल इतकंच चोळा. ग्रीस पाणी अडवत नाही, रिंगला सरकायला मदत करतं. जास्त लावलं तर वाळू गोळा करतं. व्हॅसलीन नको, काही रबरं त्यानं फुगतात. रिंग सिलिकॉनचीच असेल तर सिलिकॉन ग्रीसनंही फुगते, म्हणून दिव्याबरोबर आलेलंच ग्रीस वापरा. नवी वस्तू पहिल्यांदा नेताना सेल काढून, आत टिश्यू पेपर घालून एक डाइव्ह करून आणा.

पाणी गेलेल्या दिव्याचं झाकण उघड्यावर, तोंड दुसरीकडे करून उघडा. लिथियम सेल काढून, जळणारं काही जवळ नसेल अशा जागी ठेवा. तो पुन्हा चार्ज करायचा नाही, वाळला आणि चालू दिसला तरी नाही. दिवा ताबडतोब गोड्या पाण्यानं धुवा, मीठ सुकू देऊ नका, मग दोन दिवस पंख्याखाली ठेवा. स्ट्रोब असेल तर आशा जास्त, कारण अनेक स्ट्रोबमध्ये सेलचा कप्पा इलेक्ट्रॉनिक्सपासून वेगळा सील केलेला असतो. तिथे संपर्कांवरची बुरशी व्हिनेगर लावलेल्या ब्रशनं निघते. गळती झाली नसली तरी प्रत्येक डाइव्हनंतर सगळं सामान अर्धा तास गोड्या पाण्यात बुडवून बटणं दाबा. ट्रेचे स्टीलचे स्क्रू अॅल्युमिनियममध्ये गंजून कायमचे बसतात, म्हणून महिन्यातून एकदा खोलून ग्रीस लावा.

प्रश्न : अंदमानला जातोय. विमानात दिवे चालतात का? (वाचक, नागपूर)

उत्तर : दिवे आणि स्ट्रोब चेक-इनमध्ये सहसा चालतात, पण आतले सेल काढून. सुटे लिथियम सेल फक्त हातातल्या बॅगेत, प्रत्येक सेल वेगळ्या प्लॅस्टिकच्या डबीत किंवा टोकांना टेप लावून. १०० वॉट-तासांची जी मर्यादा असते तिच्यात एक १८६५०, म्हणजे १३ वॉट-तास, सहज बसतो. स्ट्रोबच्या झाकणाची ओ-रिंग काढून ठेवा, म्हणजे उंचीवर हवेचा दाब बदलला तरी झाकण घट्ट बसणार नाही. तिथल्या निळ्या पाण्यात दोन दिवे बाहेर पसरून रुंद फोटो घेता येतात, पण जवळ जाण्याचा नियम तिथेही तोच.

प्रश्न : फ्लॅशमुळे समुद्रघोडे मरतात असं ऐकलं. खरं आहे का? (वाचक, देवगड)

उत्तर : ऑस्ट्रेलियातल्या कर्टिन विद्यापीठाच्या संशोधकांनी समुद्रघोडे आणि तळाशी राहणाऱ्या इतर माशांवर हे तपासलं आणि २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. डोळ्यांना इजा झाल्याचं त्यांना आढळलं नाही. माशांना जास्त त्रास झाला तो हात लावल्यानं, हवी तशी पोझ मिळावी म्हणून ढोसल्यानं. तरीही प्रत्येक प्राण्याचे चार-पाचच फोटो घ्या. त्यानं पाठ फिरवली की पुढे जा. नेम साधायला व्हिडिओ लाइट सतत डोळ्यांवर धरण्यापेक्षा मंद किंवा लाल फोकस लाइट वापरा. समुद्रघोडे आणि कठीण प्रवाळ हे दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहेत. फोटोसाठी प्रवाळावर कोपर टेकवणं, दगड उलटवणं, शेपटी सोडवून जागा बदलणं यांतलं काहीही करू नका. एका जागी तरंगत राहता येईपर्यंत कॅमेरा बोटीवरच राहू द्या. तोल नसलेल्या हातातला आर्म प्रवाळावरच आपटतो.